किब्ल्याकडचा समुद्र

आमच्या गावाच्या नावात अरब आहे, पण अरबी समुद्र आमच्यापासून शेकडो किलोमीटरच्या रस्त्यावर आहे. बोरी अरब, तालुका दारव्हा, जिल्हा यवतमाळ. इथे पाणी म्हणजे विहीर, बोअर, नाला आणि पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल. माझ्या अम्मीने वयाच्या अडुसष्टाव्या वर्षापर्यंत समुद्र पाहिला नव्हता. कुणी विचारलं तर म्हणायची, "टीव्ही पे देखी ना. पानीच तो है."

2024 च्या मार्चमध्ये महाशिवरात्र शुक्रवारी आली. शुक्रवार, शनिवार, रविवार. शनिवारची एक किरकोळ रजा टाकली की तीन दिवस हातात येत होते. पुढच्या मंगळवारी बहुधा पहिला रोजा. एकदा रमजान लागला की प्रवास नाही, नंतर परीक्षा, मग पेपर तपासणी. मी गुरुवारी सकाळी घरात जाहीर केलं, की आपण मुरुडला जातोय, अम्मीसुद्धा येतेय. अम्मी नाही म्हणाली नाही. याचंच मला आश्चर्य वाटलं, कारण गेली तीन वर्षं ती माझ्या प्रत्येक बेताला नाही म्हणत आली होती. त्या नाहीबद्दल पुढे सांगतो.

मूर्तिजापूरहून रात्रीची गाडी, सकाळी मुंबई, पनवेलहून एसटी, अलिबाग, पुन्हा एसटी. रेवदंड्याला खाडीवरचा पूल ओलांडला तेव्हा अम्मी खिडकीत सरकून बसली. काशीदच्या आसपास सुरूच्या झाडांमागे पहिल्यांदा समुद्र दिसला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग हळूच म्हणाली, "अरे, ये तो खतमइच नहीं होता."

मुरुडला आम्ही एका कोकणी मुसलमान कुटुंबाच्या घरी उतरलो. पुढे अंगण, मागे नारळ-सुपारीची वाडी, दोन खोल्या पाहुण्यांसाठी. घरमालकीण साठीच्या असतील, पहिल्या तासाभरातच माझी मुलगी त्यांना खाला म्हणू लागली. हातपाय धुऊन टेकतो न टेकतो तोच असरची अजान झाली. मी घड्याळ पाहिलं. सव्वाचारही वाजले नव्हते. आमच्याकडे मार्चमध्ये असर पाच वाजल्यानंतर. बायको म्हणाली, मुअज्जिनचं घड्याळ पुढे दिसतंय. घड्याळ बरोबर होतं. कोकणातले मुसलमान शाफई, आम्ही विदर्भातले बहुतेक हनफी. शाफई मसलकात वस्तूची सावली तिच्या लांबीएवढी वाढली की असरची वेळ सुरू होते, हनफी मसलकात दुप्पट झाल्यावर. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. पण एकाच राज्यात, एकाच उन्हात, तासाभराचा हा फरक कानाने ऐकणं वेगळं.

मगरिबचंही तसंच. आमच्या गावापेक्षा इथे सूर्य सुमारे वीस मिनिटं उशिरा मावळतो, कारण आपण तेवढे पश्चिमेला आलेलो असतो. अम्मीला हे पटेना. ती सवयीने वीस मिनिटं आधीच वुजू करून बसली आणि पुळणीवर सूर्याकडे बघत राहिली, जणू तोच उशीर करतोय.

दुसऱ्या दिवशी फजरला मशिदीत माझी फजिती झाली. दुसऱ्या रकातीत रुकूनंतर इमाम उभे राहिले आणि दुआसाठी हात उचलले, शाफईंचा कुनूत. मी सवयीने सजद्यात निघालो होतो. अर्ध्यात वाकलेला पुन्हा सरळ झालो. शेजारच्या म्हाताऱ्या चाचांनी नमाज संपल्यावर मला विचारलं, "घाटावरचे का?" मी म्हणालो, घाटावरचाही नाही, वऱ्हाडचा. ते हसले. "लांबून आलात. चहा घ्या."

त्या घरात मला सगळ्यात जास्त विचारात पाडलं ते खालांच्या नातवाने. चौथीतला मुलगा, उर्दू शाळेत जातो. संध्याकाळी ओट्यावर दप्तर उघडून बसला होता. त्याच्या हातात बालभारतीचं उर्दू पाठ्यपुस्तक होतं, तेच जे मी आमच्या शाळेत हाताळतो. धडा उर्दूत वाचायचा आणि आजीला अर्थ सांगायचा तो कोकणीत, म्हणजे मराठीच्याच एका बोलीत. आजीला शब्द अडला की ती पुन्हा कोकणीतच विचारायची. माझी मुलं नेमकी उलट. त्यांच्या घरी उर्दू, आमची वऱ्हाडी मिसळलेली उर्दू, आणि मराठी त्यांना शाळेत शिकावी लागते. इथे मराठी घरची आणि उर्दू शाळेतली.

मी खालांना म्हणालो, आमच्याकडे मी मराठी बोललो की लोक म्हणतात, "सर, तुम्ही मुसलमान असूनही मराठी किती छान बोलता." तुम्हाला कधी कुणी म्हटलंय? त्यांना प्रश्नच नीट कळला नाही. नारळ खवता खवता म्हणाल्या, "मग दुसरं काय बोलणार?"

वीस वर्षांत या वाक्याला मला इतकं सोपं उत्तर सुचलं नव्हतं.

जेवणातही मसलक आड आलं. शनिवारी दुपारी तांदळाच्या भाकरीबरोबर नारळाच्या दुधातलं चिंबोऱ्यांचं कालवण आलं. शाफईंना समुद्रातलं जवळजवळ सगळं चालतं. हनफींना मासा चालतो, खेकडा नाही. मुलगी माझ्या तोंडाकडे बघू लागली. खालांच्या लगेच लक्षात आलं, त्यांनी न बोलता आतून तळलेल्या पापलेटची थाळी आणून ठेवली. मुलगी हळूच म्हणाली, "अब्बू, वो लोग भी तो मुसलमानच है." आता काय सांगणार? अम्मी मध्ये पडली, "उनका उनके पास सही, अपना अपने पास सही. मछली खा." एवढ्यात विषय संपला. वर्गात हेच समजावायला मला एक अख्खा तास लागला असता.

आता मुरुडला येऊन जंजिरा न बघता परत जाणारा मीच.

शनिवारी सकाळी रिक्षाने राजपुरीला गेलो. मुरुडपासून चार-पाच किलोमीटर. तिथून शिडाच्या होड्या किल्ल्यात जातात. अमावास्या रविवारी होती, त्यामुळे पाण्याला उधाण होतं. होडी किल्ल्याच्या दाराशी लागते तेव्हा लाटेबरोबर वरखाली होत असते आणि खलाशी माणसांना हात धरून पायरीवर ओढून घेतात. अम्मीचे दोन्ही गुडघे गेलेले. तिने होडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि धक्क्यावरच्या एका कठड्यावर बसली. "तुम जाओ. मैं बैठती." बायको आणि मुलगी गेल्या. मी थांबलो.

शीड भरलं, होडी लांब गेली. समोर काळ्या दगडाचा तो किल्ला पाण्यात बसलेला. मी उर्दूचा मास्तर, मला त्याचं नावच आधी दिसतं. अरबीत बेटाला जज़ीरा म्हणतात. भूगोलाच्या तासाला आम्ही मुलांकडून पाठ करून घेतो, चारही बाजूंनी पाणी असलेली जमीन म्हणजे जज़ीरा, तीन बाजूंनी असेल तर जज़ीरानुमा. त्याच जज़ीऱ्याचा मराठीत जंजिरा झाला आणि जुन्या कागदांत समुद्रातल्या किल्ल्यांना सरसकट जंजिरे म्हणू लागले. जंजिरे विजयदुर्ग, जंजिरे सुवर्णदुर्ग. शब्द अरबी, पण त्याला मराठी होऊन इतकी वर्षं झाली की कुणी त्याला तू कुठचा म्हणून विचारत नाही.

किल्ला सिद्दींचा. आफ्रिकेतल्या हबशा देशातून आलेले म्हणून हबशी, त्यांच्यावरून या मुलखाला हबसाण. शिवाजी महाराजांनी प्रयत्न केले, शेजारीच पद्मदुर्ग उभा केला. संभाजी महाराजांनी 1682 च्या सुमारास समुद्रात भराव टाकून किल्ल्यापर्यंत वाट करायला घेतली. तरी जंजिरा हाती लागला नाही. सिद्दींचं संस्थान थेट 1948 पर्यंत टिकलं. धक्क्यावर एक गृहस्थ आपल्या मुलांना ही गोष्ट मोठ्याने सांगत होते, आणि त्यांच्या सांगण्यात ती मुसलमान विरुद्ध हिंदू अशी सरळ रेघ झाली होती. मी मास्तर असल्यामुळे गप्प बसणं मला जड जातं. पण त्या दिवशी बसलो. मनात एवढंच आलं, की महाराजांच्या आरमारात दौलतखान नावाचा मोठा अधिकारी होता आणि तो याच सिद्दींशी लढला. वर्गात असतो तर फळ्यावर दोन्ही नावं शेजारी शेजारी लिहिली असती आणि मुलांना म्हटलं असतं, आता रेघ मारून दाखवा.

अम्मी इतिहासात नव्हती. ती विचारत होती, "किबला किधर है इधर?"

मी हात केला. पश्चिमेला, जरासं उत्तरेकडे झुकून. म्हणजे समुद्रावरच.

"मतलब इधर से सीधा?"

"सीधा. बीच में कुछ नहीं. पानी खतम हुआ के ओमान, फिर आगे."

बोरीत किब्ला म्हणजे शेजारच्या घराची भिंत. अम्मी चाळीस-पन्नास वर्षं त्या भिंतीकडे तोंड करून नमाज पढली आहे. आदल्या दिवशी तिने मगरिब पुळणीवर पढली होती, जानमाज वाळूत अंथरून, खुर्चीवर बसून. तेव्हा तिच्या पुढे भिंत नव्हती. मला वाटलं ती त्याबद्दल बोलेल. ती तिच्या नानांबद्दल बोलू लागली.

तिचे नाना जहाजाने हजला गेले होते. तेव्हा मुंबईहून जिद्द्याला जहाजं जायची, 1995 पर्यंत जात होती. गावातली पंचवीस-तीस माणसं त्यांना मूर्तिजापूर स्टेशनपर्यंत सोडायला गेली होती. माणूस परत येईल न येईल, म्हणून सगळ्यांकडून कहासुना माफ करून घ्यायचं, उधारी चुकती करायची, मगच निघायचं. अम्मी तेव्हा लहान. नाना परत आले ते पत्र्याच्या डब्यात ज़मज़म घेऊन, आणि आठवडाभर म्हणे त्यांना जमीन हलतेय असं वाटायचं. "इसीच पानी से गए होंगे," ती म्हणाली.

आणि मग मी ते बोललो, जे मला तीन वर्षं बोलायचं होतं.

2018 मध्ये अब्बांनी हजचा फॉर्म भरायची तयारी केली होती. दोघांचे पैसे जमले होते. तेव्हा मी घराचं काम काढलं होतं आणि स्लॅबसाठी पैसे कमी पडत होते. मी म्हणालो, अब्बा, एक वर्ष थांबता का? पुढच्या वर्षी नक्की. अब्बा बरं म्हणाले. पुढच्या वर्षी फॉर्म भरला, 2020 च्या हजसाठी नंबरही लागला, पहिला हप्ता भरला. त्यानंतर काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. जून 2020 मध्ये हज कमिटीने पैसे परत केले, कारण त्या वर्षी बाहेरच्या देशांतून कुणीच गेलं नाही. 2021 च्या एप्रिलमध्ये अब्बा गेले. 2022 मध्ये हज पुन्हा सुरू झालं तर पासष्टच्या वरच्यांना परवानगी नव्हती, आणि अम्मी सहासष्टची. 2023 मध्ये वयाची अट निघाली, तेव्हा अम्मीच नाही म्हणाली. त्या डिसेंबरात मी परत फॉर्म भरायला बसलो, तर तिने पासपोर्ट कपाटातून काढूनच दिला नाही. गुडघे दुखतात म्हणाली. मी म्हणालो व्हीलचेअर मिळते. ती म्हणाली एकटी कशी जाऊ. मी म्हणालो आता पंचेचाळीसच्या वरच्या बायकांना महरमशिवाय जाता येतं, शिवाय मी येतो ना. दर वेळी मी कारण खोडत गेलो आणि ती नवं कारण शोधत गेली.

धक्क्यावर मी तिला म्हणालो, "अम्मी, अब्बांचा हज माझ्यामुळे राहिला. स्लॅबसाठी मी थांबवलं नसतं तर 2019 ला तुम्ही दोघं जाऊन आला असता. मला माफ कर." अम्मीशी मी उर्दूत बोलतो, पण हे वाक्य माझ्या तोंडून मराठीत निघालं. का, ते अजून कळलं नाही. कदाचित घरच्या भाषेत ते मी मनात इतक्या वेळा म्हटलं होतं की तिथे ते झिजून गेलं होतं.

ती मराठी समजते, बोलत नाही. थोडा वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग म्हणाली, "स्लॅब तेरे अब्बा कोच होना था. टीन के नीचे तुम लोगां को छोड़ के जाने का उनका दिल नहीं था. तूने बोला तो उनको छूट गया सरीका हुआ. मेरे को खुद बोले थे."

मला हे माहीत नव्हतं. सहा वर्षं तिने सांगितलं नव्हतं, कारण मी कधी विचारलं नव्हतं. मी फक्त फॉर्म पुढे करत होतो.

"फिर तू जाती क्यूं नहीं?"

यावर ती जे बोलली ते मी जसंच्या तसं लिहून ठेवतो. "तू मेरे को भेज के हलका होना चाहता. तेरा कर्जा उतारने को मैं नहीं जाती. जाऊंगी तो मेरे वास्ते जाऊंगी. नहीं तो नहीं जाऊंगी. अल्लाह मेरे को पूछेगा, तेरे को नहीं."

मी मास्तर आहे, समोरच्याला गप्प करायची मला सवय आहे. त्या दिवशी माझ्याजवळ उत्तर नव्हतं. हज ज्याच्यावर फर्ज आहे त्याचा आहे, हे मी मुलांना दीनियातच्या तासाला शिकवतो. ऐपत म्हणजे केवळ पैसा नाही, शरीर, रस्त्याची सुरक्षितता, मागे राहिलेल्यांची सोय, हेही शिकवतो. घरी मात्र मी अम्मीचा हज माझ्या खात्यात लिहायला निघालो होतो. तिच्या प्रत्येक नाहीत मला तिचं वय दिसत होतं, हट्ट दिसत होता, अब्बांचा विरह दिसत होता. तिला माझी घाई दिसत होती, हे मात्र मला दिसलं नव्हतं.

होडी परत आली. मुलगी धावत आली आणि एका दमात सांगू लागली, की किल्ल्याचं दार अगदी जवळ गेल्याशिवाय दिसतच नाही, की वर कलाल बांगडी नावाची केवढी तरी मोठी तोफ आहे, आणि सगळ्यात मोठी गंमत म्हणजे चारही बाजूंनी खारं पाणी आणि आत गोड्या पाण्याचे दोन तलाव. "दादी, समंदर के बीच में मीठा पानी!" अम्मी म्हणाली, "उसके घर में क्या कमी है." आणि उठायला माझ्याकडे हात केला.

त्यानंतरचा दीड दिवस आम्ही काहीच केलं नाही. खरंच काही नाही. मुरुडचा नवाबांचा वाडा रस्त्यावरूनच पाहिला. सकाळी ओहोटीला पाणी इतकं मागे जायचं की ओली पुळण आरशासारखी व्हायची, आणि दुपारपर्यंत भरती येऊन तीच जागा गिळून टाकायची. अम्मी सुरूच्या सावलीत खुर्ची टाकून हे येणं-जाणं बघत बसायची. मी शेजारी बसायचो. तीन वर्षांत पहिल्यांदा आमच्यामध्ये एखादा कागद नव्हता. ती मधूनच अब्बांची एखादी गोष्ट काढायची, कापूस विकायला गेले तेव्हाची, नाहीतर माझ्या बीएडच्या फीसाठी बैलजोडी विकली तेव्हाची, आणि मी ऐकायचो. या गोष्टी मला माहीत होत्या, पण तिच्या बाजूने नव्हत्या.

निघताना खालांनी एका पिशवीत चार नारळ आणि सुकट बांधून दिली. रमजानात दुआ करा म्हणाल्या. त्यांची दोन मुलं आखातात आहेत, एक कुवेतला, एक दोह्याला. त्या म्हणाल्या, मीही रोज त्याच दिशेला बघते, पण मी मुलांना बघते. अम्मीने त्यांचा हात बराच वेळ धरून ठेवला. एकीची बोली दुसरीला अर्धीच कळत होती. त्यांचं काही अडलं नाही.

सोमवारी सकाळी मूर्तिजापूरला उतरलो, मी तसाच शाळेत गेलो. संध्याकाळी चाँद दिसला. मंगळवारी पहिला रोजा.

त्या रमजानात मी एक गोष्ट पाहिली. असरनंतर, आमच्या असरनंतर, ऊन उतरलं की अम्मी अंगणात चालायला लागली. गेल्या दोन वर्षांत ती दारापासून नळापर्यंत जायलाही कुरकुर करायची. आता भिंतीला हात लावत, थांबत थांबत, अंगणाला फेरी घालते. हातात तस्बीह असते. पहिल्या आठवड्यात तीन फेऱ्या, मग पाच. ईदच्या आदल्या दिवशी मी ओट्यावर बसून मोजल्या. सात झाल्या.

का चालतेस, हे मी विचारलं नाही. पासपोर्ट तिच्याच कपाटात आहे.